पब्लिकवर मार!

गाण्याच्या कार्यक्रमाला निघताना पिशवीत काय काय घ्यायचं, हे आमच्या घरात वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. शाल, पाण्याची बाटली, आल्याच्या वड्या आणि मध्यंतरातला वडा खाऊन झाल्यावर हात पुसायला एक जुना रुमाल. अलीकडे या यादीत भर पडली आहे. पुढे छज्जा असलेली टोपी, गॉगल, डोळ्यांत घालायचे थेंब आणि डोकेदुखीची गोळी. आम्ही निघालेलो असतो भावगीतं ऐकायला, पण जिन्यात भेटलेले शेजारचे काका पिशवीत डोकावून विचारतात, "काय, जैसलमेरला का?"

जैसलमेरचं ऊन निदान मावळतं तरी.

तक्रार गाण्याबद्दल नाही. आवाजाबद्दल आहे, पण आवाजावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, कायदा झालाय, रात्री दहाच्या ठोक्याला पोलीसही येतात. उजेडाला मात्र कुणी विचारत नाही. पूर्वी सोपा करार होता. उजेड गाणाऱ्यावर, अंधार ऐकणाऱ्यावर. तिकिटाच्या पैशांत तीन तासांचा अंधार मिळायचा आणि त्या अंधारात माणूस मोकळा व्हायचा. चपला काढून एक पाय वर घ्यायचा, चुकीच्या जागी ताल धरायचा, एखाद्या ओळीला गुपचूप डोळे पुसायचा आणि शेजारी बसलेल्या बायकोलाही ते कळायचं नाही. आता हा करार एकतर्फी मोडला गेलाय. मुखडा आला की दिवे गाणाऱ्याला सोडतात आणि आपल्याकडे वळतात. गाणारा काळोखात, आणि एक चप्पल पायात, एक खुर्चीखाली अशा अवस्थेत आपण जगासमोर.

प्रेक्षकांचा अंधार ही काही सनातन गोष्ट नव्हे, हे मला मान्य आहे. युरोपातल्या नाट्यगृहांत खेळ चालू असतानाही झुंबरं जळत असत, कारण निम्मे लोक एकमेकांचे कपडे बघायलाच आलेले असत. १८७६ मध्ये वाग्नर या जर्मन संगीतकाराने बायरॉइटला स्वतःच्या मनासारखं नाट्यगृह उभारलं आणि खेळ सुरू होताना प्रेक्षागृहात अंधार केला. इकडेतिकडे न बघता मुकाट माझ्याकडे बघा, असा त्याचा सरळ अर्थ. वाग्नरबद्दल मतभेद पुष्कळ आहेत, पण या एका बाबतीत मी त्याचा भक्त आहे. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं तेव्हा गावात वीज यायची होती. पुढे जत्रेत, कनातीत, तमाशाच्या फडात गॅसबत्ती आली. ती सूं-सूं करायची, मंदावली की एकजण उठून पंप मारायचा, लावणी तेवढ्यापुरती थांबायची आणि मेंटलभोवतीचे किडे गाणाऱ्याच्या तोंडात जायचे. गैरसोय होती, पण ती गाणाऱ्याची होती. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बत्ती खुपसावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तिकडे लंडनला १८३७ साली कोव्हेंट गार्डनच्या थिएटरात चुन्याचा गोळा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवून त्याचा पांढराशुभ्र झोत रंगमंचावर टाकला गेला. हा दिवा सांभाळायला सतत एक माणूस त्याच्यामागे लागे. दिव्यामागे माणूस होता तोवर ठीक चाललं होतं. माणसाचा हात दुखतो, त्याला भूक लागते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर त्रास दिसला तर थोडी लाजही वाटते. घात झाला तो १९८१ मध्ये. जेनेसिस या इंग्रज बँडच्या बार्सिलोनातल्या कार्यक्रमात, तेही बैलांच्या झुंजीच्या रिंगणात, स्वतःच मान फिरवणारे आणि रंग बदलणारे दिवे पहिल्यांदा लावले गेले. त्याआधी दिवा टांगला तिथं टांगलेला असे. 'पार' जातीचे दोनशे दिवे असले तरी ते कुठं बघतायत हे पडदा उघडताच समजे आणि जाणकार माणूस त्यांना टाळून खुर्ची धरी. दिव्याला मान फुटली आणि खुर्ची निवडण्याचं आमचं सारं शास्त्र पाण्यात गेलं.

हे मान फुटलेले दिवे आता लग्नाच्या हॉलपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सगळीकडे आहेत. त्यातल्या एका जातीला लाईटवाले शार्पी म्हणतात. मूळ शार्पी २०१० च्या सुमारास इटलीतून आला. वजन १९ किलो, आतला दिवा अवघा १८९ वॅटचा. जुने शंभराचे दोन बल्बसुद्धा नाहीत. ऐकून कुणाचीही समजूत होईल की बिचारा गरीब आहे. पण त्याचा झोत चार अंशांपेक्षाही अरुंद असतो. बनवणाऱ्यांच्याच आकड्यानुसार वीस मीटरवर तो साठ हजारांच्या आसपास लक्स पाडतो. भर दुपारचं रखरखीत ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं आणि ऑफिसातल्या टेबलावर पाचशे पुरतात. म्हणजे दुपारच्या उन्हाच्या निम्म्याहून जास्त ऊन, रात्री साडेनऊ वाजता, अख्ख्या हॉलमध्ये फक्त तुमच्या चेहऱ्यावर. आणि हा झोत एकदम येत नाही. शाळेत प्रश्न विचारल्यावर मास्तरांची नजर बाकांवरून फिरायची तसा तो रांगांवरून सरकत येतो. आपण खाली बघतो, रुमाल शोधतो, शेजाऱ्याच्या आड होतो. पण तो येऊन थांबतो तो आपल्याच बाकावर.

शार्पी निदान हिंडता-फिरता. दुसरा प्रकार म्हणजे ब्लाइंडर, आणि तो आपल्या कामाशी अत्यंत प्रामाणिक आहे. स्टेजच्या वर किंवा मागे, थेट प्रेक्षकांकडे तोंड करून बसवलेली ही पेटी. साडेसहाशे वॅटचा एक असे आठ दिवे एका पेटीत, म्हणजे पाच किलोवॅटच्या वर. आमचा गिझर दोन किलोवॅटचा आहे आणि त्यात चौघांच्या अंघोळी होतात. हा पेटला की डोळे आपसूक मिटतात, आणि मिटून उघडले की गायिकेच्या चेहऱ्यावर आठ हिरवट-जांभळे ठिपके, चारचारच्या दोन ओळींत. ती डावीकडे गेली तर ठिपके डावीकडे, उजवीकडे गेली तर उजवीकडे. पुढचं सगळं कडवं मी तिला नाही, ठिपक्यांनाच दाद दिली.

यात भर म्हणून मागे एलईडीची भिंत असते. पडद्याचा उजेड निट या मापात मोजतात. सिनेमाच्या पडद्याचं प्रमाण ४८ निट ठरलेलं आहे आणि तेवढ्यावर लोक तीन तास मजेत काढतात. हॉलमधली एलईडी भिंत पुरी उघडली तर हजाराच्या घरात जाते. तिच्यावर चंद्र, झाडं, वाहतं पाणी असेल तोवर सोसतं. पण दोन गाण्यांच्या मध्ये प्रायोजकांची पाटी येते. पांढऱ्याफेक पार्श्वभूमीवर एक बिल्डर, एक सराफ, एक सहकारी बँक आणि कोपऱ्यात आवळ्याचं तेल. कधीकधी ती काढायचं राहून जातं. काळोख्या रात्रीचं, विरहाचं गाणं सुरू झालेलं असतं आणि मागून टू बीएचके फ्लॅट एवढे तळपत असतात की नायिकेला विरह झालाच असेल तर जागेच्या भावामुळे, असं वाटावं.

एका कार्यक्रमात आमच्या खुर्च्या लाईटच्या कन्सोलला लागूनच होत्या. तिथं बसलेला मुलगा असेल बावीस-तेवीसचा. समोर बटणांची नि पट्ट्यांची भली मोठी पाटी, तिच्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावून स्केचपेनने लिहिलेलं: 'सिंगर', 'तबला साईड', 'धूर', 'ब्लाइंडर', 'पब्लिक'. 'पब्लिक'खालची पट्टी हाताळून हाताळून चकचकीत झालेली. कोपऱ्यात कटिंग चहाचा अर्धा ग्लास, कानाला हेडफोन. त्या हेडफोनातून कुणीतरी एवढ्या जोरात बोलत होतं की मलाही ऐकू येत होतं: "मुखड्याला पब्लिकवर मार! मार, मार, मार!" गाणं चालू होतं ते अंगाईगीत होतं.

आणि या मुलाने छज्ज्याची टोपी घातली होती. भुवयांपर्यंत ओढून.

मध्यंतरात मी त्याला विचारलं, "अरे, आत टोपी कशाला? इथं ऊन कुठंय?"

"काका, लाईट लागतो ना डोळ्याला."

"मग आमच्यावर कशाला मारतोस?"

"पब्लिकला आवडतं."

"मीही पब्लिकच आहे."

त्याने मला नीट न्याहाळलं. पिशवी, शाल, थेंबांची बाटली. "तुम्ही तसे पब्लिक नाही, काका," तो म्हणाला. बोलण्यात अपमान नव्हता, निदान होतं. मग त्याने आपणहून धुराचं यंत्र दाखवलं. हवेत काही नसेल तर झोत बाजूने दिसतच नाही. कण असले की त्यांच्यावर उजेड विखुरतो आणि झोताचा खांब दिसतो. म्हणून आधी हॉलभर बारीक धूर सोडायचा. म्हणजे गाणाऱ्याच्या घशात धूर, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड, आणि दोघंही ठीक असतील तर कार्यक्रम फिका पडला म्हणायचा.

टोपीचा धडा मात्र मी त्याच्याकडून घेतला. उजेड बहुतेक वरून येतो, त्यामुळे तीन बोटं छज्जा पुरतो. मान जराशी खाली केली की वर टांगलेले दिवे छज्ज्याआड आणि गाणारा छज्ज्याखाली दिसतो. आपल्या परंपरागत शिरस्त्राणांपैकी एकही इथं कामाचं नाही. गांधी टोपीला छज्जा नाही, पगडीला आहे तो दिमाख. सवाई गंधर्व महोत्सवाला १९५३ पासून पुणेकर डिसेंबरच्या थंडीत जातोय तो कानटोपी घालून. संगीत ऐकायला येताना कान झाकून आणि डोळे उघडे टाकून येणारी ही जगातली एकमेव जमात असावी. क्रिकेटवाली टोपी उत्तम; फक्त मागच्या रांगेतून "ओ काका, टोपी!" अशी हाक येते. तेव्हा मागे न वळता "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणायचं. महाराष्ट्रात या वाक्यापुढे अजून कुणी गेलेलं नाही.

गॉगलचा अनुभव वेगळा. रात्री आठ वाजता गॉगल लावून नाट्यगृहाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाबद्दल समाजाचे दोनच तर्क असतात. माझं वय बघून डोअरकीपरने दुसरा केला. त्याने अदबीने माझं कोपर धरलं, "सावकाश, पुढे पायरी आहे" म्हणत मला आत नेलं आणि माझं तिकीट पंधराव्या रांगेचं असताना मोठ्या मनाने पहिल्या रांगेत बसवलं. ब्लाइंडरपासून बारा फुटांवर. शेजारच्या बाईंनी कार्यक्रमभर मला स्टेजवर काय चाललंय ते कानात सांगितलं. "आता निळा उजेड आहे," त्या म्हणायच्या, "फार सुंदर." एवढा जीव लावून कुणी सांगत असताना गॉगल काढायचा तरी कसा? मी "हो का?" म्हणत राहिलो. शिवाय डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात की घरात, हॉलमध्ये सारखा गडद गॉगल लावून बसलं तर डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा उजेडही जास्त खुपतो. तेव्हा त्यांची शिफारस हलक्या रंगाच्या काचांची. अर्धशिशीवाल्यांसाठी गुलाबीसर काचा मिळतात. त्यातून सगळे कलाकार टवटवीत दिसतात, हा वरचा फायदा.

जागा निवडण्याबद्दल मी जे शिकलोय ते थोडक्यात असं: बाल्कनीची पहिली रांग टाळावी, तिथं दिवे बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि आपण तोफेच्या तोंडी असतो. खांबामागची जागा, जिच्यावरून आयुष्यभर बुकिंगवाल्यांशी भांडलो, ती आता मागून घ्यावी. आणि पुढे उंच माणूस आला तर ईश्वराचे आभार मानावेत. परवा माझ्यापुढे सहा फुटी गृहस्थ बसले होते. ते बायकोला म्हणाले, "मागच्यांना दिसत नसेल, मी जरा खाली सरकून बसतो." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अहो, ताठ बसा. तुमच्या भरवशावर आलोय."

पूर्वी कार्यक्रमपत्रिका मिळायची. कपाळाला आडवी धरली की उत्तम आडोसा, मध्यंतरात वारा घ्यायला पंखा आणि घरी नेऊन डब्यात वड्यांखाली घालायला कागद. आता पत्रिका मोबाईलवर येते. मोबाईल कपाळाला धरला तर पुढचे लोक चमकून बघतात, आणि मागचे त्याच्यावर गाण्यांची यादी वाचतात.

उरला डोळे मिटण्याचा मार्ग. आपल्याकडे त्याला प्रतिष्ठाही आहे. डोळे मिटून ऐकणारा तो दर्दी. त्यातल्या कितीजणांना झोप लागली आहे हे मान पुढे पडेपर्यंत कळत नाही. पण पापणी हा काही जाड पडदा नव्हे. तिच्यातून उजेड, विशेषतः तांबडा, आत झिरपतोच. ब्लाइंडर पेटला की मिटल्या डोळ्यांआड लालभडक पहाट होते.

इथं थट्टा जरा बाजूला ठेवतो. भरभर उघडझाप करणारा उजेड काही जणांना नुसता त्रास देत नाही, फिट आणतो. अपस्माराच्या रुग्णांपैकी साधारण तीन टक्के लोकांना हा धोका असतो, मुलांना आणि तरुणांना जास्त. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा लखलखाट सेकंदाला बारा वेळा झाला आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. सेकंदाला तीन ते तीस या पट्ट्यातली उघडझाप धोक्याची. म्हणून ब्रिटनमधल्या सुरक्षा नियमावलीत स्ट्रोब, म्हणजे असा लुकलुकणारा दिवा, सेकंदाला चारच्या वर नको असं सांगितलेलं आहे. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला दोन्ही डोळे मिटा असा नसून तळहाताने एक डोळा पूर्ण झाका आणि तोंड फिरवा असा असतो. एका डोळ्याने मेंदूपर्यंत पोचणारा मारा पुष्कळ कमी होतो. आपल्या तिकिटांवर बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, लहान मुलांना आवरावे, पार्किंगची जबाबदारी आमची नाही, इतकं सगळं छापतात. स्ट्रोब आहे, एवढे दोन शब्द मावायला हरकत नसावी.

आमच्या आत्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांना लख्ख उजेड पडला की शिंक येते. यात नवल नाही. शिंक अडली की सूर्याकडे बघ, असं आपल्याकडे आजीही सांगायची. शंभरातल्या अठरा ते पस्तीस जणांना ही खोड असते असे अंदाज आहेत आणि ती घराण्यातून येते. आई किंवा बापाला असली तर मुलात यायची शक्यता निम्मी. ॲरिस्टॉटलने यावर विचार केला होता. सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने डोळे मिटून सूर्याकडे तोंड करून पाहिलं, तेव्हा शिंक आली नाही. ही माहिती आत्यांना कुणी दिली नव्हती. त्या आपल्या दोन्ही मुलांना घेऊन एका नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला आल्या. समेला ब्लाइंडर पडला आणि तिघांनी ओळीने, मोठ्या आवाजात, बरोबर समेवर शिंका दिल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "क्या बात है!" पुढच्या समेला पुन्हा. तिसऱ्या समेला तबलजी मान उंचावून त्या दिशेने बघायला लागला होता. वन्समोअर मिळाला तेव्हा आत्या उठून बाहेर गेल्या.

साठीच्या डोळ्याचं दुखणं असं की त्याला दोन्हीकडून मार. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्सा उजेडच आतल्या पडद्यापर्यंत पोचतो, म्हणून खुर्चीचा नंबर वाचायला जास्त उजेड हवा. भिंग धुरकटायला लागलेलं असतं, ते उजेड विस्कटून टाकतं, म्हणून तोंडावर कमी हवा. संयोजक नेमकं उलट करतात. खुर्ची शोधताना मिट्ट काळोख, आणि सापडून बसलो की लखलखाट. शिवाय अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. दर चार मिनिटांनी मुखडा आला तर त्यांनी सरावायचं कधी?

तरुणांना डोळ्यांची फिकीर नसते. पुण्यात २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर डोळ्याच्या पडद्याला लेझरने इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षी पोलिसांनी गणेशोत्सवात लेझरच्या झोतांवर बंदी घातली. हे मी भाच्याला सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि लेझरकडे बघत राहिला. मग मी म्हटलं, "आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यात लेझर गेला तर त्याचा सेन्सर जळतो." ते खरंच आहे. भाच्याने तत्क्षणी मोबाईल खिशात घातला, वर दोन्ही हातांनी खिसा झाकून धरला. डोळे दोन आहेत, मोबाईल एकच, आणि त्याचे हप्ते जायचेत.

याच भाच्याची बहीण जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले ऐकून आली. तिथं प्रत्येकाच्या मनगटाला दिव्याचा पट्टा बांधतात. दिवा आपल्या हातात, बटण त्यांच्या हातात. ते लाल म्हणाले की सगळं स्टेडियम लाल, ते पिवळं म्हणाले की पिवळं, आणि जाताना पट्टा परत. पब्लिकवर मारायचा प्रश्नच मिटवला त्यांनी; पब्लिकलाच दिवा करून टाकलं. आपल्याकडे तेवढा खर्च झेपत नाही म्हणून निवेदिका सांगते, "रसिकहो, आपापल्या मोबाईलचे टॉर्च लावा." लोक टॉर्च लावून हात वर करतात आणि डोलतात. स्टेजवरच्या माणसाला ते दृश्य फार रम्य दिसत असेल. मागच्या रांगेतल्या माणसाला तेच मोबाईल पाठीमागून दिसतात, प्रत्येकाचा पडदा शंभर टक्के उजळलेला आणि त्याच्यावर घरून आलेला 'कधी निघणार? कुलूप लावू का?' हा मेसेज.

गाणाऱ्यांचेही हाल असतातच. समोरून झोत डोळ्यांत, त्यामुळे त्यांना पलीकडे काळ्या भोकाखेरीज काही दिसत नाही. म्हणून अर्धा कार्यक्रम झाला की नामवंत गायक माईकवर म्हणतात, "मला माझ्या रसिकांचे चेहरे बघायचेत. जरा हॉलचे दिवे लावता का?" टाळ्या पडतात. वास्तविक त्यांच्यावरचा झोत कमी केला तरी चेहरे दिसले असते, पण ते लाईटवाल्याला कमीपणाचं वाटतं. भप्पकन दिवे लागतात. तीनशे माणसं एकदम चेहरा लावतात. घोरणारा दर्दी होतो, भांडणारं जोडपं एकमेकांकडे बघून हसतं, पाचव्या रांगेतला एकजण दात कोरता कोरता थबकतो आणि ती काडी हळूच तालात हलवू लागतो. गायक गहिवरून म्हणतात, "हेच माझं ऐश्वर्य."

हे सगळं मी बायकोजवळ बोललो. तिचं म्हणणं वेगळं पडलं. मागच्या कार्यक्रमात कॅमेरा फिरत फिरत आमच्या रांगेत आला, आमच्यावर झोत पडला आणि ती चार सेकंद एलईडीच्या भिंतीवर पंधरा फूट उंच दिसली. ती चित्रफीत नाशिकच्या वहिनींपर्यंत पोचली, तिथून अमेरिकेतल्या बहिणीपर्यंत. साडीचं कौतुक झालं, रंग कुठला म्हणून विचारणा झाली.

"आणि तुम्ही शेजारी तोंडावर शाल धरून बसलेले," ती म्हणाली. "वहिनींनी विचारलं, भावोजींना पोलिसांनी कशासाठी धरलंय?"

पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाची तिकिटं या वेळी तिने काढली. दुसरी रांग, मधोमध. मी नकाशा बघून सांगितलं की इथं दोन्ही बाजूंचे शार्पी एकमेकांना भेटतात आणि समोर ब्लाइंडर असतो. ती म्हणाली, मला माहितेय, म्हणूनच. कपाटातून तिने टिकल्यांची जांभळी साडी बाहेर काढून ठेवली आहे. दिवाणखान्यातली ट्यूब लावली तरी त्या साडीवरून छतावर तारे पडतात. मी म्हटलं, अगं, स्टेजवरच्या लोकांना त्रास होईल. होऊ दे, ती म्हणाली, त्यांनाही कळू दे.

मग जरा विचार करून म्हणाली, "तुमच्या त्या टोपीवाल्या मुलाला मात्र सांगून ठेवा. मुखड्याला मारलास तर चालेल, अंतऱ्याला नको. अंतऱ्याला मी चकली खाते."